भाऊबंद सापडतात ते कुणाच्या कागदांत?

आडनाव, मूळ गाव, कुलदैवत आणि पणजोबांचे नाव. एवढ्या चार गोष्टी जुळल्या की पुण्यातल्या माणसाला इंदूरचा, बडोद्याचा किंवा टोरांटोचा कुणी अनोळखी गृहस्थ एका रात्रीत ‘दादा’ म्हणू लागतो. वंशवृक्ष मांडून देणारी संकेतस्थळे, आडनावांच्या नावाने निघालेले व्हॉट्सअॅप समूह आणि अलीकडे थुंकीच्या नमुन्यावरून नाते सांगणाऱ्या चाचण्या यांनी हे काम फार सोपे केले आहे. चार पिढ्यांत ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही अशी माणसे आता एकमेकांना आजोबांचे फोटो पाठवतात आणि घराण्यातल्या हकीकती सांगतात. कौतुकाच्या भरात एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. हा दूरचा भाऊ सापडतो तो कशात? तो संगणकात आपोआप उगवत नाही. कुणीतरी, केव्हातरी, काही कारणाने त्याच्या पूर्वजाचे नाव कागदावर घातले म्हणून तो सापडतो. आणि मराठी मुलखापुरते बोलायचे तर ते कारण आठवण जपण्याचे क्वचितच होते. बहुतेक वेळा ते हक्क सांगण्याचे होते. आपल्याकडची वंशावळ ही मुळात दाव्याला जोडायची पुरवणी आहे. म्हणून आजच्या शोधात कोण हाती लागणार आणि कोण नाही, याचा निकाल बऱ्याच अंशी जुन्या कचेऱ्यांत केव्हाच लागून गेलेला आहे, असे माझे मत आहे.

पुरावा वतनी कागदांपासूनच मिळतो. सतराव्या शतकापासूनच्या दप्तरांत ‘करीना’ नावाचा एक प्रकार आढळतो. वतनाचा तंटा उभा राहिला की देशमुख-देशपांडे आपल्या घराण्याची हकीकत लिहून गोतापुढे मांडत. मूळपुरुष कोण, वतन कुणी कमावले, कोणत्या भावाने कुणाचा खून केला, कोण परागंदा झाला, शिक्का कुणाच्या हाती गेला, असा सगळा पाढा त्यात वाचलेला असे. कारीच्या जेधे देशमुखांचा करीना आज शिवचरित्राचे साधन म्हणून आपण वाचतो, पण त्याचा साचा वतनदाराच्या कैफियतीचाच आहे. निवाडा झाला की महजर, म्हणजे निवाडापत्र, होई. त्यावर पाटलाचा नांगर उमटे आणि बलुतेदार आपापल्या धंद्याची निशाणी करत. बलुतेदारांचीही वतने होती आणि त्यांचेही तंटे झाले. तरी मोठ्या वतनांच्या महजरांत ही माणसे बहुधा साक्षीदार म्हणून येतात, निशाणी करतात आणि कागदातून निघून जातात. त्यांच्या बापाचे नाव सांगायची वेळ त्या कागदात येत नाही. जमिनीचा तुकडा नसलेल्या कुणब्याची तर निशाणीही नसते.

हक्कासाठी वंश सिद्ध करण्याची ही गरज इंग्रजांनी कमी केली नाही, वाढवली. १८५२च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातल्या इनामदारांना आपण मूळ सनदापत्र मिळवणाऱ्याचेच वंशज आहोत हे सिद्ध करणे भाग पडले. हजारो घरांत त्या काळात पेट्या उघडल्या गेल्या, भटजी आणि कारकून बसवून वंशावळी उतरवून काढल्या गेल्या. पुढे १८७४चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा, म्हणजे ज्याला आपण वतन कायदा म्हणतो, तो आला आणि कुलकर्णी, पाटील, महार यांच्या वतनांची घराणी व वाटे सरकारी रजिस्टरांत बसले. आज अनेक घरांतून ‘आमची जुनी वंशावळ’ म्हणून जो पिवळा पडलेला कागद दाखवतात, तो हाताळून पाहिला तर वरच्या कोपऱ्यात कचेरीचा शिक्का किंवा मुद्रांक दिसण्याची शक्यता बरीच असते. या कायद्याला १८८६ साली मुंबई सरकारने एक दुरुस्ती जोडली. वतनदार घराण्यातल्या स्त्रीचा वारसाक्रम घराण्यातल्या प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे ढकलावा, अपवाद फक्त शेवटच्या पुरुष मालकाच्या विधवेचा. वंशावळीत मुली का नाहीत, याचे उत्तर लोक परंपरेत, धर्मशास्त्रात, पुरुषी मनोवृत्तीत शोधतात. ते खोटे नाही. पण एक अगदी कोरडे उत्तर इथेही आहे: ज्यांचा वाटा उभा राहत नाही, त्यांची नावे कारकून कशाला लिहील?

दाव्यासाठी लिहिलेल्या वंशवृत्तांतांत सर्वांत भव्य नमुना मात्र कागदावर नाही, दगडावर आहे, आणि तोही महाराष्ट्राबाहेर. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. एवढा मोठा खटाटोप कशासाठी, हे समजायला आधीची पंधरा-सोळा वर्षे पाहावी लागतात. सरफोजी हे तुळजाजींचे दत्तक पुत्र. १७८७मध्ये तुळजाजी वारले, दत्तकाच्या वैधतेवर वाद घातला गेला आणि गादी अमरसिंगांकडे गेली. सरफोजींना ती मिळाली १७९८ साली, कंपनीच्या पाठिंब्याने. लगेच पुढच्या वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. म्हणजे वंश कोरला गेला तेव्हा राजाच्या हातात राज्य उरले नव्हते आणि त्याच्या वंशातल्या स्थानावर एकदा शंका घेऊन झाली होती. मोडीतला करीना आणि मंदिराच्या भिंतीवरचा हा प्रचंड शिलालेख यांत आकाराचा फरक आहे, हेतूचा मला फारसा दिसत नाही.

इथे कुणीही कुलवृत्तांतांकडे बोट दाखवेल आणि ते योग्यच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणस्थ ब्राह्मणांच्या घराण्यांनी कुलवृत्तांत छापायला सुरुवात केली आणि पुढे इतर जातींच्या घराण्यांनीही तो मार्ग धरला. वर्गणी काढून, गावोगाव पत्रे धाडून, छापील तक्ते भरून घेऊन ही पुस्तके झाली. त्यामागे कोर्टाचा दावा नव्हता. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या साधनसंग्रहाने जुन्या कागदांबद्दल जी आस्था निर्माण केली, तिचाही त्यात वाटा असावा. शिकागो विद्यापीठाच्या मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याच कुलवृत्तांतांना समाजशास्त्राचे साधन म्हणून मांडले, तेव्हा या घरगुती वाटणाऱ्या पुस्तकांची खरी किंमत बाहेरच्या अभ्यासकांना कळली. कोकणातल्या एका गावातून निघालेली शाखा देशावर, तिथून बडोद्याला, ग्वाल्हेरला, काशीला कशी गेली, पेशव्यांच्या चाकरीतून इंग्रजांच्या कारकुनीत आणि तिथून वकिलीत कशी शिरली, हे त्यांत पिढीवार दिसते. तरीही कुलवृत्तांत उघडून पाहा. मजकुरात बायकोचे माहेर, सासऱ्याचे नाव, मुलींची सासरे असे बरेच काही दिलेले असते. तक्ता उलगडला की त्यात पुरुषच. संपादकांनी माहिती गोळा केली, पण वतनी वंशावळीचा आराखडा त्यांनी तसाच उचलला. साचा ज्या गरजेतून झाला ती गरज गेली, साचा राहिला.

दुसरा प्रतिवाद तीर्थक्षेत्रांचा. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार इथल्या उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदल्या आहेत आणि त्या नोंदी जमीन-जुमल्यासाठी नव्हेत. उत्तरेतल्या तीर्थांच्या अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतल्या यूटा इथल्या वंशशास्त्रीय संस्थेने करून ठेवले आहे. ही संस्था मॉर्मन पंथाची. आपल्या पूर्वजांसाठी धर्मविधी करता यावेत म्हणून त्यांना नावे हवी असतात, म्हणजे तिथेही शोध निव्वळ हौसेचा नाही, हे जाता जाता. उपाध्यायाच्या वहीत एक गोष्ट वतनी कागदापेक्षा नक्की बरी आहे. तर्पणाला आई, आजी, पणजी आणि आईचे वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे लागतात. त्यामुळे निदान यजमानाच्या तोंडून ती नावे तीर्थावर उच्चारली तरी जात. पण वही कुणाची? ती उपाध्यायाची मिळकत. अमुक गावचे, अमुक आडनावाचे यजमान माझे, हा त्याचा वंशपरंपरागत हक्क. भावाभावांत वह्यांच्या वाटण्या होतात, तंटेही होतात. यात्रेकरूने वहीत सही केली की तो आपल्या मुलानातवांना त्या उपाध्यायाशी बांधून देतो. इथे दावा यजमानाचा नाही, उपाध्यायाचा आहे, एवढाच फरक. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या शेतकरी घरांना हेळवी माहीत आहेत. सुगी आटोपली की ते येत, घराण्याची नावे म्हणून दाखवत, नवे जन्म जोडत आणि धान्य घेऊन जात. लिहिता न येणाऱ्या कुळांच्या वंशावळी टिकल्या त्यात या लोकांचा मोठा वाटा आहे आणि त्यांच्याविषयी आपल्या इतिहासलेखनाने फार थोडे लिहिले आहे. पण त्यांच्याही वहीत घर राहते ते हेळव्याला शेर-पायली देण्याइतके खळे ज्याच्याकडे आहे त्याचे.

माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा मॉरिशसमध्ये होते. १८३४पासून करारबद्ध मजुरांना तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेऊ लागले. बहुतेक भोजपुरी भागातले आणि तमिळ-तेलुगू मुलखातले. पण मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांतून रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसे गेली. ही माणसे इथे राहिली असती तर त्यांचा ठावठिकाणा कोणत्या कागदात लागला असता, हे सांगणे कठीण आहे. पण पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरताच प्रत्येकाला क्रमांक मिळाला. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज, कोणत्या मळ्यावर रवानगी झाली, हे सगळे रजिस्टरात गेले. १८६०च्या दशकापासून छायाचित्रेही काढली जाऊ लागली. बायकांनाही स्वतंत्र क्रमांक होता. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ही दप्तरे आजही आहेत आणि मॉरिशसचे लोक तिथे येऊन आपल्या पणजोबांचा उतारा काढून नेतात. आता ही विसंगती पाहा. वतनदार घराण्यातली लेक आपल्या बापाच्या वंशावळीत नाही, आणि कोकणातून पोटासाठी गेलेली मजूर बाई परक्या सरकारच्या दप्तरात नाव, गाव आणि बापासकट आहे. कारण तिच्या श्रमांवर मळेवाल्याचा पाच वर्षांचा हक्क होता आणि तो बजावायला ती कोण हे पक्के माहीत असणे जरूर होते. लिहिले जाणे हा मान नव्हता. पण पणतीला ती सापडते ती त्याच नोंदीमुळे.

त्यानंतरची पायरी मात्र अवघड आहे. मॉरिशसचा वंशज जहाजाचे नाव आणि गावाचे वाकडेतिकडे स्पेलिंग घेऊन ऑनलाइन येतो. तिकडे बहुधा पहिल्या आलेल्या माणसाचे नावच घराण्याचे आडनाव होऊन बसलेले असते, त्यामुळे आडनावावरून शोध घेणे फुकट. गावाची ओळख पटली, समजा. मग मागे राहिलेल्या भावाचा वंश कुठे? त्याला ना वतन, ना इनाम, ना तीर्थाला जायची ऐपत. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४मध्ये, जन्म-मृत्यूच्या नोंदी मिळतात, पण त्या बहुतेक ठिकाणी मजूर निघून गेल्यानंतरच्या काळातल्या. समुद्र ओलांडलेल्याची पाच पिढ्यांची साखळी पूर्ण आणि घरी राहिलेल्याची दोन पिढ्यांवर तुटलेली, असा प्रकार होतो. दूरची भावंडे एकमेकांना का सापडत नाहीत, याचे खापर अंतरावर आणि काळावर फोडण्याची आपल्याला सवय आहे. इथे ते फोडता येत नाही.

हे सारे जुने झाले असे म्हणायचीही सोय नाही. आज महाराष्ट्रात वंशावळ सर्वांत जास्त काढली जाते ती जात पडताळणीसाठी. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. मग कोतवाल बुक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, खासरा पत्रक, कुळ नोंदवही, जुने फेरफार असा शोध सुरू होतो आणि सापडलेल्या माणसाशी आपले नाते प्रतिज्ञापत्रावरच्या वंशावळीने जोडून द्यावे लागते. २०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध राज्यभर पसरला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. कितीतरी घरांना आपले चुलत-चुलत भाऊ त्या काळात पहिल्यांदा भेटले, कारण एकाची नोंद निघाली की ती सगळ्या भावकीच्या उपयोगी पडते. या शोधामागच्या मराठा आरक्षण आंदोलनाच्या मागण्यांबद्दल कुणाचे काहीही मत असो, एवढे खरे की मराठी माणसाने एवढ्या मोठ्या प्रमाणावर आपले भाऊबंद पूर्वी कधी शोधले नव्हते, आणि तो शोध हौसेचा नव्हता. गोव्यातही तेच. १९ डिसेंबर १९६१पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो, म्हणून चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि मुलकी नोंदणीची पाने उलटली जातात. देवळांच्या महाजनकीसाठी आणि गावकरीतल्या हिश्श्यासाठी त्याआधीपासून उलटली जात होतीच.

मुलींचे काय झाले, तेही याच ओघात पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला जन्मतः सहदायक मानले. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच्या शंका मिटवल्या. परिणाम तलाठ्याच्या कार्यालयात दिसतो. वारसनोंदीच्या अर्जाला जोडायच्या वंशावळीत आता सगळ्या लेकी घालाव्या लागतात, नाही घातल्या तर पुढे नोंद रद्द होण्याची भीती. म्हणजे शतकानुशतके जे साधले नाही ते प्रेमाने साधले नाही, वाट्याने साधले. आणि पुष्कळदा लगेच पुढच्या फेरफाराला त्याच लेकींचे हक्कसोडपत्र नोंदलेले असते. एका फेरफारात नाव आले, दुसऱ्यात गेले. शंभर वर्षांनी कुणी वंशज हे कागद उघडेल तेव्हा त्याला आपल्या पणजीचा एकुलता एक लेखी मागमूस या दोन फेरफारांच्या मधल्या जागेत मिळेल.

इतक्या मर्यादा असताना ऑनलाइन वंशवृक्षांत माणसे छातीठोकपणे बाराव्या पिढीपर्यंत कशी जातात? बरेचदा एकमेकांची झाडे उतरवून. मराठी नावाची घडण यात मदतही करते आणि फसवतेही. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव अशी आपली पद्धत असल्यामुळे प्रत्येक सही ही दोन पिढ्यांची साखळी असते. चार कागदांवरच्या चार सह्या जोडल्या की पाच पिढ्या उभ्या राहतात. पण नातवाला आजोबांचे नाव ठेवायचीही आपलीच पद्धत. त्यामुळे महादेव विष्णू, विष्णू महादेव, पुन्हा महादेव विष्णू असा पाळणा चालू राहतो आणि तारीख न पाहता जोडणारा माणूस आजोबा आणि नातू यांना एक करून मोकळा होतो. तारीख पाहिली तरी धोका संपत नाही. शके १७२० हे इसवी सन म्हणून टंकले की पूर्वज अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारा होतो. आणि मोडी कागदावर ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असे असेल तर ते शुहूर सन ११७२, त्यात ५९९ मिळवले की १७७१ निघते, हे संकेतस्थळाच्या चौकटीला ठाऊक नसते. आडनावही भरवशाचे नाही. नाना फडणवीसांचे घराणे वेळासचे भानू, पेशवे श्रीवर्धनचे भट. हुद्दा मिळाला तो आडनाव झाला, न मिळालेली शाखा जुन्याच नावाने राहिली, आणि सख्ख्या भावांचे वंशज आज एकमेकांना आडनावाच्या समूहात शोधत बसले तर भेटणार नाहीत. बायकांच्या बाबतीत तर लग्नातच धागा तोडला जाई. वधू सासरी आली की ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने तिचे नवे नाव लिहायचे. बापाचे नाव गेले, आडनाव गेले, स्वतःचे नावही गेले. माहेरच्या कागदात ‘गोदू’ आणि सासरच्या कागदात ‘सरस्वती’ अशा दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत, हे सांगणारा तिसरा कागद बहुधा नसतो.

यावर अलीकडे एक हुकमी उत्तर दिले जाते: कागद राहू द्या, रक्त खोटे बोलत नाही. जनुकीय चाचणीचा उपयोग मी नाकारत नाही. बेने इस्राएल समाजाबद्दल २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यपूर्वेतले आणि भारतीय असे दोन्ही वारसे स्पष्ट दिसले. कोकणात शतकानुशतके तेल गाळणाऱ्या, पेणकर-रोहेकर अशी गावावरून आडनावे लावणाऱ्या या समाजाच्या तोंडी परंपरेला त्याने आधार दिला. पण समाजाचा पूर्वेतिहास सांगणे वेगळे आणि अमुक माणूस तुमच्या खापरपणजोबांच्या भावाचा पणतू आहे हे सांगणे वेगळे. नाते चुलत-चुलतच्याही पलीकडे गेले की खऱ्या भावंडांतही ओळखू येण्याजोगा समान तुकडा उरेलच असे नाही. खापरपणजोबांच्याही वडिलांपाशी ज्यांची नाती मिळतात त्यांच्यातल्या निम्म्यांच्या आसपास जोड्यांत काहीच जुळत नाही. उलट बाजूने, जातीतल्या जातीत शेकडो वर्षे लग्ने होत आलेल्या समाजात सगळेच सगळ्यांशी थोडेथोडे जुळतात, त्यामुळे चाचणी दूरच्याला जवळचा ठरवते. त्यात मामाच्या मुलीशी लग्नाची चाल. इरावती कर्वे यांनी १९५३च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात ही चाल प्रदेशवार मांडली आहे. अशा घराण्यांत एकच माणूस दोन-तीन वाटांनी नातलग लागतो. युरोपीय घराण्यांवर बेतलेली गणिते इथे तशीच लावून चालत नाहीत.

आणखी एक आक्षेप जास्त गंभीर आहे. हा सगळा शोध शेवटी जातीच्या अभिमानाला खतपाणी घालतो, घराण्यांची संमेलने ही जातीच्या संमेलनांची छोटी रूपे आहेत, तेव्हा इतिहासात रस असलेल्यांनी त्यापासून दूर राहावे, असे म्हणतात. आडनावांच्या समूहांत चालणारी ‘आमचे घराणे मूळचे अमुक राजवंशाचे’ ही भाषा पाहिली की हा आक्षेप पटतो. पण दूर राहिल्याने काय होते? वंशावळ तर सरकार मागतेच, कोर्ट मागते, पडताळणी समिती मागते. फरक एवढाच पडतो की ती दाव्याच्या साच्यात राहते आणि तपासायला कुणी उरत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते महार वतनाच्या बेड्या तोडण्यासाठी. वंशपरंपरेचा कागद माणसाला कसा जखडतो हे त्यांना नेमके ठाऊक होते, कारण त्यांनी तो कागद बारकाईने वाचला होता. अभिमानाला उतारा म्हणून मला तरी काटेकोर वंशावळीखेरीज दुसरे काही दिसत नाही. दत्तक, दुसरेपणावर दिलेल्या मुली, परागंदा झालेले भाऊ, पाटात आलेल्या बायका ही सगळी जशी होती तशी लिहिली की राजवंशाची भाषा आपोआप खाली येते.

कागद असा एकांगी असल्यामुळेच दूरच्या भावंडांनी एकमेकांना सांगितलेल्या हकीकतींना किंमत येते. त्यांची टिंगल करणे सोपे आहे. मूळपुरुष रातोरात निघाले, देव टोपलीत घेतला, तीन भाऊ होते, एक वाटेत राहिला: ही गोष्ट निम्म्या महाराष्ट्राच्या घराण्यांत आहे. पण भांडारकर संस्थेने १९१९पासून १९६६पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या तत्त्वावर सिद्ध केली, ते इथेही लागू पडते. एकमेकांशी संबंध न आलेल्या प्रतींत एकच पाठ असेल तर तो त्या प्रती फुटण्याच्या आधीचा. ग्वाल्हेरची शाखा आणि कोकणातली शाखा दीडशे वर्षांपूर्वी दुरावल्या असतील आणि दोघींकडे ‘सख्ख्या चुलत्याने विष घातले’ ही एकच हकीकत असेल, तर ती किमान दीडशे वर्षे जुनी आहे. आणि एका शाखेत चुलता आणि दुसरीत सावत्र भाऊ असेल तर कोणाला काय लपवायचे होते, याचा विचार करता येतो. हकीकतीत बायकाही येतात, कारण ती सांगत आल्या त्याच. मात्र हा पुरावा एकदाच वापरता येतो. दोन्ही शाखा एका समूहात आल्या आणि महिनाभर गप्पा झाल्या की दोन्ही पाठ एकमेकांत मिसळतात, सगळ्यांना एकच नीटनेटकी गोष्ट पाठ होते आणि मूळ फरक कायमचा जातो.

तेव्हा दूरच्या भावंडाचा पहिला निरोप आला की उत्तराची घाई करू नये. आधी आपल्या घरची हकीकत, ती कुणी सांगितली आणि कधी, हे घालून लिहून काढावी. न पटणारे भागही तसेच ठेवावेत. मगच त्यांची मागवावी. ज्याला आधार कागदाचा आहे त्यापुढे कागदाचे नाव आणि साल घालावे, ज्याला नाही त्यापुढे ‘ऐकीव’ असे लिहावे. जिवंत माणसांच्या जन्मतारखा उघड्या संकेतस्थळावर टाकू नयेत. त्यांचा गैरवापर होतो. आणि आजीचे माहेरचे नाव, तिच्या आईचे गाव, लग्नाआधी तिला काय म्हणत, हे सांगणारे माणूस घरात असेल तर बाराव्या पिढीचा शोध बाजूला ठेवून ते याच आठवड्यात विचारून घ्यावे. ते कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.